न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी : बाहेरून आलेल्या घराण्याचा मुलगा हायकोर्टाच्या खुर्चीवर कसा पोहोचला

भिवंडीतून कामानिमित्त मुंबईला जाणारे आपण बहुतेक जण कल्याण किंवा ठाण्याहून लोकल पकडतो आणि शेवटच्या स्टेशनावर उतरतो. सीएसएमटीच्या बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे घुमट आणि कमानींची एक जुनी दगडी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. आपल्या नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी तिथे किंवा अंजुमनच्या दुसऱ्या एखाद्या संस्थेत शिकलेलं असतं. पण ही अंजुमन उभी करणाऱ्यांत जे नाव सगळ्यात पुढे होतं, त्या माणसाची पूर्ण हकीकत आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. बदरुद्दीन तय्यबजी. मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर, तिथले पहिले मुसलमान न्यायाधीश आणि काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष.

एवढे तीन ‘पहिले’ सांगून थांबलं तर ती शाळेच्या पुस्तकातली माहिती होते. आम्हाला आज सांगायचंय ते वेगळं. बाहेरून येऊन मुंबईत बस्तान बसवलेल्या घरातला हा मुलगा, परक्या भाषेतला कायदा शिकला आणि त्याच कायद्याच्या जोरावर इंग्रजांच्या बरोबरीने उभा राहिला. पुढे न्यायाच्या खुर्चीवर बसल्यावर समोर आलेला माणूस आपला की परका, हे त्याने पाहिलं नाही. भिवंडीसारख्या, अर्ध्याहून जास्त घरं कुठून ना कुठून येऊन वसलेल्या गावाला ही गोष्ट जवळची वाटायला हवी.

खंबातहून मुंबईला

तय्यबजींचं घराणं मूळचं अरब वंशाचं मानलं जातं. ते गुजरातेत खंबातला स्थिरावलेलं होतं. खंबात हे एके काळचं मोठं बंदर. पण बंदर गाळाने भरत गेलं, व्यापार हटला आणि मुंबई वाढू लागली. खंबात, सुरत, कच्छ इथून बोहरा, खोजा, मेमन घरं मुंबईकडे सरकली, त्याच ओघात हे घराणंही आलं. ही मंडळी सुलेमानी बोहरा. संख्येने छोटी जमात, पण व्यापारात मुरलेली.

बदरुद्दीन यांचे वालिद मुल्ला तय्यब अली भाई मियाँ हे व्यापारी होते. साध्या सुरुवातीपासून त्यांनी धंदा वाढवला आणि युरोपाशी व्यवहार जोडला. या माणसाची दूरदृष्टी अशी की, आपल्या मुलांना त्यांनी युरोपात शिकायला पाठवलं. तो काळ लक्षात घ्या. १८५७ च्या आधीची आणि लगेच नंतरची वर्षं. इंग्रजी शिकलं तर मुलगा दीनपासून जाईल अशी भीती मुसलमान घरांत खोलवर बसलेली होती. तय्यब अलींनी ती भीती झटकली, पण दीन सोडला नाही. अरबी, फारसी, उर्दू आधी, मग इंग्रजी, असा क्रम त्यांनी ठेवला. घरात बोलली जाणारी भाषा गुजराती होती, ती हळूहळू बाजूला ठेवून कुटुंबाने उर्दू आपलीशी केली. मुंबईच्या इतर मुसलमानांशी जोडलं जाण्याचा तो एक मार्ग होता.

भिवंडीच्या वाचकाला यात आपलं गाव दिसेल. कोकणी घरांत अरबस्तानातून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी आजही सांगतात. मोमीन घरांचे आजे-पणजे उत्तरेकडून हातमाग घेऊन आले. घराणं कुठून आलं याला महत्त्व आहेच, पण आल्यावर मुलांच्या हातात काय दिलं यावर पुढचं सगळं ठरतं. तय्यब अलींनी मुलांच्या हातात पुस्तक दिलं.

मदरशातून लंडनला

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईतला. सुरुवातीचं शिक्षण दादा मखबा यांच्या मदरशात झालं. उर्दू आणि फारसी तिथे शिकून ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळ्यांचा त्रास लहानपणापासून मागे लागलेला. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेण्यात आलं आणि १८६० साली, सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते लंडनच्या शाळेत दाखल झाले. तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता. मुंबईहून आगबोटीने सुएझ, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया आणि पुन्हा आगबोट, असा तो प्रवास होता.

त्यांच्या आधी थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये शिकून सॉलिसिटर झाले होते. त्या देशात सॉलिसिटर म्हणून नोंद झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचं पाहून बदरुद्दीन यांनीही कायद्याची वाट धरली. लंडन युनिव्हर्सिटीची पायरी चढून १८६३ साली ते मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. बॅरिस्टर तयार करणाऱ्या लंडनच्या चार जुन्या संस्थांपैकी ही एक.

पण डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीला अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं. दुसरा कुणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता, धंदा तयारच होता. बदरुद्दीन वर्षभराने पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मुंबईला आले. वय तेवीस.

हायकोर्टात एकटा हिंदी बॅरिस्टर

मुंबई हायकोर्ट सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज फोर्टात दिसणारी मोठी इमारतसुद्धा अजून व्हायची होती, ती १८७८ साली पूर्ण झाली. ओरिजिनल साइडला, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे थेट जिथे चालत तिथे, बॅरिस्टर सगळे गोरे. त्या रांगेत दाढी राखलेला, डोक्याला पगडी बांधणारा हा एकच हिंदी माणूस.

या कामाची पद्धत समजून घ्यायला हवी, म्हणजे अडचण किती होती ते कळेल. बॅरिस्टरला पक्षकार थेट गाठत नसे. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागद तयार करी आणि मग बॅरिस्टरला ब्रीफ देई. बॅरिस्टर कितीही हुशार असो, सॉलिसिटरने विचारलं नाही तर तो रिकामा बसणार. मोठ्या सॉलिसिटर कंपन्या युरोपियनांच्या होत्या आणि त्यांचं काम सहज गोऱ्या बॅरिस्टरकडे जाई. इथे थोरले भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर असल्याचा आधार झाला. पण भावाच्या आधाराने सुरुवात होते, नाव होत नाही. नाव झालं ते उलटतपासणीमुळे आणि ज्यूरीसमोरच्या भाषणांमुळे. सौम्य बोलणं, कागदांची पक्की तयारी आणि मुद्दा न सोडण्याची सवय. काही वर्षांतच ते मुंबईच्या पहिल्या फळीच्या वकिलांत गणले जाऊ लागले.

एक हिंदी माणूस या कोर्टात बरोबरीने उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या पाठोपाठ फिरोजशहा मेहता आले, आणखी हिंदी बॅरिस्टर आले. वाट एकाने पाडली की मागच्यांना ती सोपी होते.

शहराच्या कामात

फिरोजशहा मेहतांशी दोस्ती झाली आणि बदरुद्दीन सार्वजनिक कामात ओढले गेले. १८७१ साली मुंबईत म्युनिसिपालटीच्या उधळपट्टीवरून मोठी ओरड झाली. कर भरणारे आम्ही, मग पैसा कुठे खर्च होतो हे ठरवण्यात आमचा हात का नको, असा सवाल होता. त्या चळवळीतून १८७२ चा कायदा आला आणि मुंबईला काही जागा तरी निवडून देण्याचा हक्क मिळाला. १८७३ साली बदरुद्दीन म्युनिसिपालटीवर निवडून गेले. पुढे युनिव्हर्सिटीच्या सिनेटवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं, १८८२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. तब्येतीमुळे १८८६ साली तिथून ते बाहेर पडले.

मुंबईत तेव्हा तीन नावं एका दमात घेतली जात : मेहता, तेलंग, तय्यबजी. एक पारशी, एक मराठी हिंदू, एक मुसलमान. तिघंही वकील. १८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी मॅजिस्ट्रेटने गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, पण गोऱ्यांनी देशभर गदारोळ केला. तेव्हा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेत हे तिघेही बोलले. कायद्यापुढे सगळे सारखे, हा मुद्दा बदरुद्दीन यांच्यासाठी पुस्तकातला नव्हता, रोज कोर्टात त्याचा अनुभव त्यांना येत होता. १८८५ च्या जानेवारीत याच मंडळींनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली.

अंजुमनची पायाभरणी

या सगळ्या धावपळीत बदरुद्दीन यांचं मन सगळ्यात जास्त गुंतलं होतं ते मुसलमान मुलांच्या तालिमीत. मुंबईत पारशी आणि हिंदू मुलं इंग्रजी शाळांत भराभर पुढे जात होती. मुसलमान मुलं मात्र मागे राहत होती. घरी धंदा असेल तर दुकानावर, नसेल तर मजुरीला. १८७४ साली कमरुद्दीन, बदरुद्दीन, मुन्शी गुलाम मुहम्मद आणि शहरातले इतर जाणते लोक एकत्र आले आणि अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. १८८० साली शाळा सुरू झाली. दीनी तालीम आणि उर्दूबरोबर इंग्रजी आणि हिशेब, हेच सूत्र तिथेही ठेवलं. वालिदांनी घरात जे केलं होतं, ते मुलांनी साऱ्या समाजासाठी केलं असं म्हणता येईल.

या कामात जमातीच्या भिंती आड आल्या नाहीत. सुन्नी, शिया, बोहरा, खोजा, मेमन, कोकणी, सगळ्यांची मुलं तिथे एका बाकावर बसली. आजही आपल्याकडे शाळा काढताना कमिटी कोणत्या बिरादरीची यावर भांडणं होतात. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न बाजूला ठेवला होता. स्टेशनसमोरच्या इमारतीची पायाभरणी १८९० साली झाली आणि १८९३ साली ती उभी राहिली. बदरुद्दीन आधी सेक्रेटरी आणि पुढे अखेरपर्यंत अध्यक्ष म्हणून अंजुमनचं काम पाहत राहिले. हायकोर्टाचे न्यायाधीश झाल्यावरही त्यांनी हे काम सोडलं नाही.

मद्रास, आणि सर सय्यद यांच्याशी मतभेद

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक झाली. बदरुद्दीन तेव्हा शहराबाहेर होते. त्यावरून मुसलमानांनी काँग्रेसवर बहिष्कार टाकला अशी आवई उठवण्यात आली. त्यांनी ती साफ नाकारली. दोन वर्षांनी, डिसेंबर १८८७ मध्ये, मद्रासला तिसरं अधिवेशन भरलं. सहाशेच्या वर प्रतिनिधी आले होते आणि अध्यक्ष म्हणून बदरुद्दीन यांची निवड झाली. तिथे त्यांनी मांडलेला विचार साधा होता. प्रत्येक समाजाचे स्वतःचे काही प्रश्न असतात, ते त्याने आपले आपण सोडवावेत. पण कर, कायदा, नोकऱ्या, राज्यकारभार हे सगळ्यांचे प्रश्न आहेत. ते मुसलमानांनी इतरांपासून वेगळं राहून का सोडवावेत, याचं कारण त्यांना दिसत नव्हतं.

नेमक्या त्याच दिवसांत सर सय्यद अहमद खान यांनी लखनौच्या भाषणात काँग्रेसला उघड विरोध केला. सर सय्यद यांचं म्हणणं होतं की या देशातले सगळे समाज मिळून एक राष्ट्र होत नाही, आणि बहुमताच्या राज्यात मुसलमान मागे पडतील. १८८८ साली या दोघांत पत्रव्यवहार झाला. बदरुद्दीन यांच्या मनात सर सय्यद यांच्याबद्दल आदर होता, अलीगढचं काम त्यांना मोठं वाटत होतं. तरी त्यांनी आपलं मत बदललं नाही. त्यांनी एक तोडगा पुढे केला : ज्या विषयाला मुसलमान समाज जवळपास एकमताने विरोध करील, तो विषय काँग्रेसने हाती घेऊच नये. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात हा नियम, हिंदू आणि मुसलमान दोघांसाठी, मान्य झाला. अल्पसंख्य समाजाची भीती खोटी ठरवून उडवून लावायची नाही आणि त्या भीतीपोटी वेगळंही व्हायचं नाही, असा तो वकिली डोक्याचा मार्ग होता.

हे सोपं गेलं असं आम्ही सांगणार नाही. विरोध इतका वाढला की १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी ह्यूम यांना पत्र लिहून काँग्रेस निदान पाच वर्षं थांबवावी असंही सुचवलं. समाज सोबत येत नसेल तर नुसती बैठक भरवून काय साधणार, ही चिंता त्या पत्रामागे होती. काँग्रेस थांबली नाही आणि बदरुद्दीनही तिच्यापासून तुटले नाहीत. मोठी माणसं कधी डगमगत नाहीत असा आपला समज असतो. ते डगमगतात. पण शेवटी कुठे उभं राहायचं ते विसरत नाहीत.

न्यायाधीश, आणि टिळकांचा जामीन

१८९५ साली बदरुद्दीन तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टावर बसणारे ते पहिले मुसलमान. न्यायमूर्ती रानडे तेव्हा त्याच कोर्टावर होते. खुर्चीवर बसताच राजकारणातून ते बाजूला झाले. दोन वर्षांत अशी वेळ आली की साऱ्या महाराष्ट्राचे डोळे त्यांच्या कोर्टाकडे लागले.

१८९७ चं वर्ष. पुण्यात प्लेगचा कहर, त्यातून आलेली सोजिरांची घरझडती आणि २२ जूनला रँडवर झालेला हल्ला. सरकार चिडलेलं होतं. जुलैच्या अखेरीला लोकमान्य टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आलं. ‘केसरी’त आलेला मजकूर हे कारण. हा मजकूर शिवाजी महाराजांच्या उत्सवाविषयीचा होता आणि त्यातल्या भाषणांत अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तिथेही तो नाकारला गेला. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, आणि या वेळी तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला.

थोडं थांबून विचार करू. आरोपी हे हिंदू समाजाचे नेते. वादातल्या मजकुराचा विषय अफझलखानाचा वध. चारच वर्षांपूर्वी, १८९३ साली, मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा होऊन गेलेला आणि त्यानंतरच्या टिळकांच्या भूमिकेवर मुसलमान समाजात नाराजी होती. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावरही तय्यबजी टिळकांच्या विरुद्ध बाजूचे. वर इंग्रज सरकारचा दबाव. जामीन नाकारायला कितीतरी सबबी तयार होत्या, आणि दोन न्यायाधीशांनी आधीच नाकारलेला असल्याने त्यांना कुणी दोषही दिला नसता.

४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी जामीन दिला. त्यांचा विचार असा होता की खटला उभा राहायला महिनाभर लागणार. तोवर माणसाला तुरुंगात ठेवलं आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर न्यायाचाच पराभव झाला. आरोपी खटल्याला हजर राहील ना, एवढं पाहायचं. आणि बाहेर राहून त्याला आपल्या बचावाची तयारी करता आली पाहिजे. खटला पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्यूरीतले सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. निकाल तय्यबजींच्या हातात नव्हता. त्यांच्या हातात जामीन होता, आणि तिथे त्यांनी कायदा सांगतो तेच केलं.

यातला पुढचा भागही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८९७ साली टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा तेच दावर न्यायाधीश होते. जामिनासाठी महंमद अली जिना उभे राहिले, आणि दावर यांनी जामीन नाकारला. वकील असताना एक बोलणं आणि खुर्चीवर बसल्यावर तेच करणं, यात किती अंतर असतं ते इथे दिसतं. तय्यबजींनी ते अंतर पडू दिलं नाही.

१९०२ साली ते मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती झाले. या पदावर बसणारे ते पहिले हिंदी. ज्या कोर्टात एकटे हिंदी बॅरिस्टर म्हणून ते शिरले, त्याच कोर्टाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर पस्तीस वर्षांनी ते बसले.

घरात जे बोलले, तेच केलं

बदरुद्दीन यांचं मोठं कुटुंब. कंबाला हिलवर त्यांचा सॉमरसेट हाउस हा बंगला होता. मुलींच्या तालिमीबद्दल बाहेर बोलून घरात वेगळं वागणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. तय्यबजींनी आपल्या सगळ्या मुलींना शिकवलं आणि १९०४ साली दोघींना इंग्लंडला शाळेत पाठवलं. १९०३ साली मुस्लिम शिक्षण परिषद मुंबईत भरली तेव्हा तेच अध्यक्ष होते. ही परिषद सर सय्यद यांनी सुरू केलेली. तिथे काँग्रेसबद्दलचं आपलं मत त्यांनी लपवलं नाही, आणि स्त्रियांना घरात कोंडून ठेवणारा पडदा दीनने सांगितला आहे त्याहून कितीतरी कडक आहे, असंही परखडपणे मांडलं. सगळ्यांना ते रुचलं नाही. आजही या विषयावर आपल्यात मतं वेगवेगळी आहेत आणि ती असू शकतात. मुलीने शिकावं की नाही, यावर मात्र आता वाद उरलेला नाही. तो वाद मिटवण्यात अशा घरांचा वाटा आहे. सॉमरसेट हाउसच्या जागी आज सोफिया कॉलेज आहे. तिथे मुली शिकतात.

कुटुंबाचा वारसा पुढे दूरवर गेला. मुलगा फैज तय्यबजी हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक कोर्टात आधाराला घेतलं जाऊ लागलं. पुतणे आणि जावई अब्बास तय्यबजी बडोद्यात न्यायाधीश होते. उतारवयात ते गांधीजींबरोबर गेले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींच्या अटकेनंतर, धारासण्याकडे निघालेल्या तुकडीचे पुढारी म्हणून पकडले गेले. पक्षितज्ज्ञ सालिम अली याच नातेगोत्यात वाढले.

१९०६ साली बदरुद्दीन रजेवर लंडनला गेले होते. तिथेच १९ ऑगस्टला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय एकसष्ट. सोळाव्या वर्षी ज्या शहरात ते शिकायला गेले, त्याच शहरात अल्लाहने त्यांना बोलावून घेतलं.

आपल्या गावासाठी यात काय आहे

भिवंडीने कोर्टाचं आणि कमिशनचं दार फार जवळून पाहिलंय. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, गाव जळालं, आणि त्याच्या चौकशीसाठी हायकोर्टाचे न्यायमूर्ती मादन यांचं कमिशन बसलं. पारशी न्यायाधीशाने हिंदू-मुसलमानांच्या दंगलीचा कागद न् कागद तपासला आणि जे दिसलं ते लिहिलं. १९८४ साली पुन्हा तेच झालं. ज्या घरांनी ते दिवस सोसलेत, त्यांना कोर्टावर भरवसा ठेवा असं वरवर सांगून चालत नाही. तुरुंगांत आज ज्यांचे खटले अजून चाललेले नाहीत अशा कैद्यांची संख्या शिक्षा झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून अधिक आहे. जामिनाचा अर्ज घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्या आईबापांना तय्यबजींच्या त्या एका निकालाची किंमत इतर कुणाहीपेक्षा जास्त कळेल.

पण म्हणूनच ही हकीकत त्यांच्यासमोर आणि आपल्या मुलांसमोर ठेवावीशी वाटते. तय्यबजी ज्या कोर्टात शिरले ते परक्यांचं होतं. कायदा परक्या भाषेत, न्यायाधीश परके, ज्यूरी परकी. तिथे न्याय मिळत नाही म्हणून ते बाहेर थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती. ते आत गेले. ती भाषा शिकले, तो कायदा पाठ केला, आणि तिथल्या लोकांनाच त्यांचा कायदा वाचून दाखवला. आणि स्वतःच्या हातात अधिकार आला तेव्हा तो आपल्यांना देण्यासाठी आणि परक्यांना नाकारण्यासाठी वापरला नाही. हे दोन्ही एकाच माणसाने केलं, यातच त्यांचं मोठेपण आहे. एक केलं असतं तर ते फक्त हुशार वकील ठरले असते.

लूमच्या खडखडाटात अभ्यास करून आपल्या गावातली मुलं-मुली आता एलएलबीला जाताहेत. आई-वडील कर्ज काढून, रात्रपाळी करून फी भरतात. पण कायद्याची पदवी म्हणजे लगेच कमाई नव्हे, सुरुवातीची वर्षं हातात फारसं काही पडत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. बदरुद्दीन यांच्या पाठीशी पैसेवाले वालिद आणि सॉलिसिटर भाऊ होते. आपल्या मुलांपाशी ते नाही. म्हणून ती जागा समाजाने भरायला हवी. ज्या गावात लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी जमते, तिथे वकिलीची पहिली तीन वर्षं काढणाऱ्या चार मुलांचा खर्च आणि कायद्याच्या पुस्तकांची एक चांगली लायब्ररी एवढं सहज जमू शकतं. त्यांतून उद्या कुणी वकील होईल, कुणी न्यायाधीश. त्यांच्यापुढे एखाद्या दिवशी एखाद्या परक्या आईचा मुलगा जामिनासाठी उभा राहील. तेव्हा त्याचं नाव न विचारता त्याचे कागद वाचले जावेत, एवढी तालीम आपण त्यांना आजपासून द्यायला हवी.